दोराचं ऐकायचं नाही

हनुमंत यारीवाल्याचा हात हा एके काळी जामखेड तालुक्यात बोलण्याचा विषय होता. विहीर खोदताना काठावर जे लोखंडी उचलयंत्र उभं करतात, ती यारी. तिला डिझेलचं इंजिन, इंजिनाला वायर, वायरीला डबा. खालचा दगड त्या डब्यातून वर येतो आणि माणसंही त्यातूनच खालीवर करतात. तळाशी सुरुंग भरून झाले की बाकीचे वर यायचे, आणि वाती पेटवायला एक जण मागं राहायचा. त्यानं वाती पेटवायच्या, डब्यात उडी टाकायची आणि शेजारच्या दोराला हिसका द्यायचा. हिसका आला की वरच्यानं विचार करायचा नाही. तोंडात घास असो की कुणाशी भांडण चाललेलं असो, दांडा ओढायचाच. हनुमंतच्या यारीवर वाती पेटवणारा माणूस होता भीमा, आणि तो आज नातवंडं खेळवतोय, यातच हनुमंतच्या हाताचं सगळं कौतुक आलं.

असा हा माणूस मार्गशीर्षातल्या एका सकाळी गावच्या पाण्याच्या विहिरीवर दोर धरून बसला होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला त्याची स्वतःची लेक होती. आणि लेकीनं बजावून ठेवलं होतं की हिसके आले तरी ओढायचं नाही.

हे झालं कसं, ते आधी सांगायला हवं. गावाला नळानं पाणी देणाऱ्या विहिरीतला पंप पाइपासकट तुटून तळाला गेला होता. विहीर तुडुंब, आठ परस पाणी. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. तशी आठ माणसं एकावर एक. आणि नळ मात्र कोरडे. विहीर गावापासून हापशाहूनही लांब, हंड्यानं वाहायची सोय नाही. टँकर मागायला गेलं तर विहीर भरलेली असल्यामुळं टँकर नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं, आणि ते उत्तर देणाऱ्याला वेड्यात काढावं तर त्याचंही चुकत नव्हतं. गळ टाकून पाहिले. गळाला पंप लागला नाही, हिरव्या शेडनेटच्या चिंध्या लागल्या. मागं कधीतरी पालापाचोळा पडू नये म्हणून विहिरीवर ती जाळी ताणली होती. वावटळीनं ती विहिरीतच घातली आणि मग तिची कुणी आठवण काढली नाही. एकानं सगळं पाणी उपसून टाकायचं सुचवलं. आठ परस पाणी मार्गशीर्षात ओढ्याला सोडायचं आणि वैशाखात काय प्यायचं? सगळ्यांनी त्या माणसाकडं असं पाहिलं की तो चहाला न थांबता उठून गेला.

तेवढ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला रेश्मा आली. ही हनुमंतची धाकटी. मळ्यातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून बापानंच तिला पोहायला शिकवलेलं. पोरीनं तेवढ्यावर थांबावं की नाही? पण ती मालवणला गेली, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरायचं रीतसर शिकली, आणि आता पर्यटकांना हाताला धरून खाली नेते. गावात विचारलं तर लोक सांगतात, हनुमंतची लेक मासे दाखवते. तिनं आईला डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या हापशावरून येताना पाहिलं आणि सरपंच गोरक्षला म्हणाली, मी उतरते, तळाच्या पंपाला यारीचा हूक अडकवते, पुढचं काम यारीचं.

हे बोलून झाल्यावर तिचा चेहरा जरा उतरला, हे फक्त हनुमंतनं पाहिलं. कारण तिच्याच धंद्याचा पहिला नियम असा, की एकट्यानं कधी उतरायचं नाही. खाली जोडीदार पाहिजेच. तिची मालवणची जोडीदार मोनिका येणार होती, सगळं ठरलं होतं, पण तिला सर्दी झाली. सर्दीत नाक-कान बंद असताना पाण्याच्या दाबाखाली गेलं तर कानाचे पडदे फाटतात, त्यामुळं सर्दी झालेला माणूस काठावरच बसतो, मग तो कितीही मोठा पोहणारा असो. हनुमंत म्हणाला, थांबू या की मग ती बरी होईस्तवर. गोरक्ष म्हणाला, आप्पा, बायाबापड्यांचे हाल बघवत नाहीत. रेश्माची रजा संपत आली होती. असं सगळ्यांचं थोडं थोडं खरं होतं आणि त्यातून जे ठरायला नको होतं ते ठरलं.

गोरक्ष भारी उत्साही माणूस. एक सिलिंडर कमी पडेल म्हणून दुसरं आपल्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडून भरून आणतो, म्हणाला. रेश्मा आधी हसली आणि मग एकदम हसायची थांबली. त्या हवेत इंजिनाचा धूर असतो, तेल असतं, ती म्हणाली. वर तो वास नुसता नाकाला लागतो, खाली तोच धूर माणसाला झोप आणतो आणि ती झोप मोडत नाही. तिच्याकडं नीट भरलेलं एक मोठं सिलिंडर होतं आणि अडीअडचणीला एक छोटं. तेवढ्यात होईल तेवढंच करायचं. विहिरीतली दुसरी, गावच्या टाकीपर्यंत पाणी न चढवणारी छोटी मोटार लाइट आली की आपोआप चालू व्हायची, म्हणून तिनं विजेच्या डीपीवरचे फ्यूज काढून आणायला लावले आणि बापाच्या खिशात टाकले. खिशावर हात मारून हनुमंतनं ते आहेत ना हे त्या दिवसात किती वेळा पाहिलं, त्याला गणती नाही.

घरात सत्यशीलानं, म्हणजे रेश्माच्या आईनं, फार आदळआपट केली नाही. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं की दोर कोण धरणार. हनुमंत म्हणाला, मी. मग ती भाकरी थापायला बसली. आयुष्यभर या बाईनं त्याच्या हातावर भरवसा टाकला होता, तो आजही टाकला, आणि हनुमंतला वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आदल्या दिवशी दुपारी रेश्मानं बापाला अंगणातल्या लिंबाखाली बसवून शिकवणी घेतली. तळाशी पाणी अंगाला चहूकडून दाबतं, तिथं छातीत घेतलेली हवा दाबलेली असते, आणि माणूस वर येऊ लागला की ती फुगत जाते. श्वास सोडत राहिलं तर निघून जाते. तोंड मिटून वर आलं तर फुप्फुस फाटतं. हनुमंतला उन्हात टाकलेली, हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब आठवली. तसंच, रेश्मा म्हणाली. मळ्यातल्या विहिरीत तुम्ही मला दम धरायला शिकवलंत, भीती वाटली की तोंड मिटून घ्यायचं म्हणालात, ते या कामात उलटं आहे. आणि सावकाश यायचं, कारण दाबलेली हवा रक्तातही मुरलेली असते. घाईनं वर आलं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा रक्ताला फेस येतो आणि माणूस जन्माचा लुळा पडतो. त्यावर उपचार करायची दाबाची खोली असते, पण ती मुंबईला. इथून मुंबई म्हणजे दिवस गेला.

हनुमंतनं हे सगळं मान खाली घालून ऐकलं. त्याला दर वाक्यागणिक वाटत होतं की आता म्हणावं, नको जाऊस. पण पोरीनं एवढ्या विश्वासानं मांडून सांगितलं की ते वाक्य त्याच्या तोंडातून निघेना.

पाणी गढूळ असणार, तळाशी डोळ्यापुढं धरलेला हातही दिसणार नाही, त्यामुळं आपण किती वेगानं वर जातोय हे तिला कळायचं नव्हतं. म्हणून कमरेला शिसं बांधून ती दोराला लोंबकळत वर येणार होती. तिचा वेग म्हणजे बापाच्या हाताचा वेग. दोराला दर दोन परसांवर तिनं गाठ मारून लाल चिंधी बांधली. एक गाठ हातात आली की थांबायचं आणि तंबाखूचा एक विडा मळायला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यायचा. शेवटची गाठ दोन परस पाणी उरलं असताना येईल, तिथं तीन विडे. तिनं त्याला खरंच तंबाखू मळायला लावली आणि मनगटावरचं घड्याळ पाहत बसली. बापाचा हात सावकाश आहे याचा तिला आनंद झाला. खुणा सोप्या होत्या. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोडा, तीन म्हणजे वर घ्या.

"आन् लई हिसके आले तर?" हनुमंतनं विचारलं.

"म्हंजी मी भ्यालेय. तवा मलाच वर यायची घाई झालेली असंल. तवा बी वढायचं न्हाई."

"तू खालनं बोलावशील आन् मी वढू न्हाई?"

"दोराचं ऐकायचं न्हाई, आप्पा. बुडबुड्यांचं ऐकायचं. ते येत्यात तवर मी श्वास घेतेय. ते थांबलं की तुमी तुमचा दम धरा. तुमाला दम सोडावा लागला आन् तरी बुडबुडा आला न्हाई, तर मग वढा. मग कसं बी वढा."

 सुरुंगाच्या धुरळ्यानं हनुमंतची छाती खोकल्याची झालेली होती, दम फार टिकायचा नाही. हे त्यानं पोरीला सांगितलं नाही, आणि तिला ते माहीत नव्हतं असंही नाही.

सकाळी विहिरीवर अर्धा गाव गोळा झाला. भीमानं आपली यारी आणून उभी केली होती. हनुमंतनं धंदा सोडताना ती त्यालाच दिली होती. यारीचा हूक वायरीवर तळाशी सोडला. रेश्मा अंगाला चिकटलेले काळे कपडे घालून पायऱ्या उतरली, तेव्हा बायका आपसांत कुजबुजल्या, पण कुजबुजीत टवाळी नव्हती. तिनं पाण्यात बसून सगळं एकदा तपासलं, मोठ्या सिलिंडरचं तोंडात घ्यायचं रबर, छोट्याचं गळ्याशी बांधलेलं रबर, पोटरीला लावलेली सुरी. मग तिनं वर बापाकडं पाहिलं, हात उंचावला आणि वायरीला धरून पाण्याखाली गेली.

दोर हनुमंतच्या तळहातातून सरकत राहिला. एक चिंधी गेली, दुसरी गेली, तिसरी. वर बुडबुड्यांचा झुबका यायचा, फुटायचा, थोडा थांबायचा, पुन्हा यायचा. हनुमंतच्या लक्षात आलं की आपणही त्याच तालावर श्वास घेतोय. दोर सरकायचा थांबला. एक हिसका आला, ठीक आहे. त्यानं एक हिसका परत दिला. काठावरच्यांनी हुश्श केलं आणि लगेच गप्पा सुरू झाल्या, कारण गर्दीला फार वेळ भिता येत नाही. हनुमंतला ते बोलणं सहन होईना. गप बसा, असं तो एकदाच म्हणाला, आणि ते असं म्हणाला की सगळे गप बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग यारीची वायर थरथरली, ताणली गेली, सैल झाली. भीमा वायरीला हात लावून म्हणाला, हूक लागला बघ. आणि पाठोपाठ दोराला तीन हिसके आले. वर घ्या.

हनुमंतनं दोर घ्यायला सुरुवात केली. हातभर आला, दोन हात आला आणि अडकला. वजन वाढलं नव्हतं, दोर जागचा हलत नव्हता. त्यानं जरा जोर लावून पाहिला, तसा दोर ताठ झाला आणि खालून हिसका आला. मग आणखी एक. मग एकामागून एक, मोजता येऊ नयेत असे, आणि त्यांत कसलीही खूण नव्हती, नुसती भीती होती. ती जाळी, हनुमंतच्या मनात आलं. पोरगी जाळीत गुतली.

पाण्यावर बुडबुडे भसाभसा येऊ लागले. कुणीतरी किंचाळलं. गोरक्ष पांढराफटक पडून आप्पा, आप्पा एवढंच म्हणत राहिला. आणि भीमा पुढं झाला. जो माणूस उभा जन्म हिसका दिला की वर ओढला गेला, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं दोर धरला.

"वढ की रं हणमंता. वढ."

"सोड."

"आरं पोरगी मरती खाली."

"भीमा, दोर सोड."

हनुमंतच्या दंडापासून बोटापर्यंतचा एकेक स्नायू ओढ म्हणत होता. तीस वर्षं त्या हातांना एकच शहाणपण ठाऊक होतं आणि आज त्या शहाणपणानंच पोर मरणार होती. ओढलं तर जाळी आवळणार. जाळी सुटली तर ती तोंड मिटून सरळ वर येणार, बापानंच शिकवल्याप्रमाणे. त्यानं खांद्यानं भीमाला मागं सारलं आणि सगळ्यांच्या देखत जे केलं ते गावाला अजून सांगताना जड जातं. त्यानं दोर खाली सोडला. हातभर, आणखी हातभर, तिला वळता यावं, सुरीला हात घालता यावा म्हणून.

एका बाईनं तोंडात पदर कोंबला. दोराचे हिसके थांबले. आणि बुडबुडेही थांबले.

पाणी सपाट झालं. हनुमंतनं छाती भरून घेतली आणि तोंड मिटलं. डोळे पाण्यावर. भीमा कानाशी काहीतरी ओरडत होता, ते त्याला लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. छातीत खोकला वळवळायला लागला. त्याला वाटलं, आपण दम नीट घेतला नाही, घाईत घेतला, म्हातारपणाची छाती, ही संपेल आणि पोरीला अजून थोडा वेळ हवा असेल. की उलटंच असेल, पोरगी गेलीय आणि आपण इथं दम धरून शहाणपणा करतोय? त्यानं दोर हातावर गुंडाळून पक्का धरला. पाय काठाच्या दगडाला टेकवले. मस्तकात घण पडू लागले, डोळ्यांपुढचं पाणी हिरव्याचं पिवळं दिसायला लागलं. आता सोडावा लागणार.

आधीच्या जागेपासून जरा बाजूला एक बुडबुडा आला. लहान. मग त्याच्या मागं दोन. मग एक झुबका, फुटला, थांबला, पुन्हा आला.

हनुमंतचा दम सुटला तो खोकल्यातच सुटला. खोकता खोकता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातांनी दोर सोडला नव्हता. छोट्या सिलिंडरवर आली, त्यानं मनात म्हटलं. थोड्या वेळानं दोराला तीन हिसके आले, क्षीण, पण तीनच. त्यानं हलक्या हातानं घेतला, तर दोर आला. पोर मोकळी झाली होती.

पहिली चिंधी हातात आली. तो थांबला. तसे पुन्हा हिसके सुरू झाले, घाबरे, रागावलेले, लवकर घ्या म्हणणारे. हनुमंतला आता तंबाखू मळायची होती आणि दोन्ही हात दोराला होते. मनातल्या मनात मळायला गेला तर मन पळत होतं, एका क्षणात विडा मळून मोकळं होत होतं. भीमा पुन्हा दोराकडं सरकलाच होता.

"भीमा," तो म्हणाला, "तंबाखू मळ."

भीमाला वाटलं, याचं डोकं फिरलं.

"मळ म्हनतो ना. रोजच्यावानी मळ, चुना लावून. झाली की सांग. तू झाली म्हनल्याबिगर मी दोर घेनार न्हाई."

आता सांगा, जिवावर उठल्यासारखा दोर हलतोय आणि माणसानं तंबाखू मळत बसायचं. पण भीमानं आयुष्यभर या एका माणसाचं ऐकून जीव राखला होता. त्यानं चंची काढली. तळहातावर चिमूट घेतली, नखानं चुना लावला आणि अंगठ्यानं मळू लागला. त्याच्या नाकातून पाणी येत होतं, पण मळताना घाई करता येत नाही, हात आपल्याच चालीनं चालतो. झाली, तो म्हणाला. हनुमंतनं दोर घेतला, दुसऱ्या चिंधीपर्यंत, सावकाश. मळ. भीमानं पहिली तंबाखू तशीच हातात ठेवून तिच्यावर दुसरी चिमूट घेतली. झाली. अख्खं गाव भीमाच्या अंगठ्याकडं आणि पाण्यावरच्या बुडबुड्यांकडं आळीपाळीनं बघत होतं.

शेवटची चिंधी आली तेव्हा पाण्यात खाली काहीतरी काळं दिसायला लागलं. ती तीच होती. आता हात घातला तर पोचेल इतकी जवळ वाटत होती. गोरक्ष पायऱ्यांवर उतरला आणि म्हणाला, आप्पा, आता तरी घ्या. हनुमंतनं मान हलवली. तीन विडे. दोर मात्र आता शांत झाला होता. पहिला मळून झाला तेव्हा खालून एक हिसका आला, एकच, बेताचा. ठीक आहे. तो आला आणि हनुमंत काठावर बसला, पण दोर त्यानं एक वीतभरही वर घेतला नाही.

ती वर आली, पायरीला धरली, तोंडातलं रबर काढलं. पोटरीला आणि सिलिंडरला हिरव्या चिंध्या लटकत होत्या.  गोरक्षनं दिलेला तांब्या तिनं तोंडाला लावला आणि मग वर बापाकडं पाहिलं.

"लई राग आला हुता तुमचा," ती म्हणाली. "म्हनलं, ह्यो मानूस आपला बाप हाय का कोन हाय."

 मग तिनं तुटक तुटक सांगितलं. जाळीनं सिलिंडर धरलं, तोंडातलं रबर ओढून काढलं, अंधारात छोटं सापडेना. तेव्हा तोंड मिटून घेतलं होतं, लहानपणीसारखं, आणि कुणी ओढलं असतं तर तशीच वर आले असते. दोर सैल पडला तेव्हा आधी वाटलं, तुटला. मग हात मोकळा झाल्याचं कळलं.

गोरक्ष कितीही झालं तरी सरपंच. शेजारच्या गावातल्या विहिरीतही असंच काही पडलंय, हे त्यानं त्याच वेळी काढलं. हनुमंत त्याच्याकडं न बघता म्हणाला, दुसरा पाणबुड्या शेजारी असल्याशिवाय हिचा पाय पाण्यात पडणार नाही, मग विहिरीत तुझी खुर्ची पडलेली असो. रेश्मा म्हणाली, मी आजच पडू द्यायला नको होता. 

आता पंप राहिला होता. रेश्मा पायऱ्या चढून वर आली, धावपळ करायची नाही म्हणून दगडावर टेकली. भीमा हातातला तंबाखूचा ढीग घेऊन उभाच होता, तो टाकायचा की खायचा हे त्याला कळत नव्हतं. यारीवर बसायला तो निघाला, तर हनुमंत उठला आणि आधीच जाऊन बसला. इंजिन सुरू झालं. त्यानं दांड्याला हात घातला आणि ओढला.

वायर कडाडली. इंजिनानं काळा धूर ओकला. पंप जाळीसकट तळावरून सुटला आणि वर निघाला, वाती पेटल्यावर भीमा निघायचा तसा. वायर रिळावर वेड्यासारखी गुंडाळली जात होती. पंप भिंतीला आपटेल, पाइप फुटेल, लोक ओरडू लागले. हनुमंतला काही ऐकू येत नव्हतं. त्याची नजर वायरीवर होती, दात आवळलेले होते, गालावरून पाणी ओघळत होतं, आणि दांड्यावरचे हात जितका जोर होता तितका लावून ओढत होते. त्याला अडवायला कुणी पुढं झालं नाही.

रेश्मा उठून त्याच्याजवळ गेली. तिनं आपला ओला, गार पडलेला हात त्याच्या हातावर ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "मी वर आलेय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग दांडा हळूहळू मागं सोडला. उरलेलं अंतर पंप सावकाश वर आला.